अंगठा, परवानगी आणि वही

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आणि तडवी भिल्लांचे पाडे आहेत. तिथल्या एका ओट्यावर मी माझ्या संशोधनाच्या मुलाखतीचं संमतिपत्र वाचून दाखवत होते. घरातलं बोलणं पावरीतलं, कागद सरकारी मराठीतला. मावशी निमूट ऐकत होत्या. शाईचा पॅड उघडला, तसा त्यांनी हात पदराखाली घेतला. "बोलते ना मी? मग अंगठा कशाला?"

रास्त प्रश्न. इथे अंगठा उठतो तो कर्जावर, जमिनीवर नाहीतर जबाबावर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नैतिकता समितीने मान्यता दिली तर साक्षीदारासमोर तोंडी संमतीही चालते. तरीही विद्यार्थ्यांना सह्यांचा गठ्ठा आणायला सांगतात, कारण फाइलला तो लागतो.

दुसरी अडचण गावात शिरण्याची. धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. परक्या माणसाबद्दलची भीती कुठवर जाते, हे खानदेशाने पाहिलं आहे. म्हणून आधी पोलीस पाटलांना, सरपंचांना भेटावंच लागतं. पण पाटलांनी सगळ्यांदेखत 'ताईंना माहिती द्या' म्हटल्यावर नकार देण्याची कुणाची टाप आहे? गावाची परवानगी म्हणजे एकेका माणसाची संमती नव्हे. त्यामुळे मी पुन्हा शेतात, एकटीदुकटीला गाठून विचारते. तेव्हा काहीजणी नको म्हणतात, आणि ते ऐकून मला बरं वाटतं.

सगळ्यात जास्त जपायची ती मुलाखतींच्या नोंदींची वही, कारण तिच्यातलं एखादं सालही कुणाच्या जमिनीवर बेतू शकतं. वनहक्क कायद्यात आदिवासींच्या वनजमिनीवरच्या दाव्यासाठी ती जमीन १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ताब्यात असावी लागते. 'हे शेत कधीपासून खेडता?' हा प्रश्न वरवर साधा. उत्तर येतं ते पोरीच्या जन्मावरून, एखाद्या दुष्काळावरून. साल एक-दोन वर्षं सहज इकडचं तिकडे होतं. तेच साल छापून आलं आणि दाव्याविरुद्ध कुणी पुढे केलं तर? नाव बदलून भागत नाही. 'नाल्याकाठचं, दोन मोहांमधलं घर' एवढं वाचलं तरी वनरक्षकाला ते दार सापडतं. म्हणून ज्याचा दावा अजून लटकलेला आहे, त्याच्या शेताचं साल मी विचारतच नाही. प्रबंधात तेवढी जागा रिकामी राहिली तरी चालेल.

समितीने अर्जातली वाक्यं तपासावीत, पण वहीत काय लिहिणार, ती कुठे राहणार, कोण वाचणार हेही विचारावं. नियमाप्रमाणे समितीत एक सामान्य नागरिक असतोच. ती खुर्ची वनदाव्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला द्यावी.