तहानेला न घाबरणारं फूल

मंगल कार्यालयाच्या स्टेजवर, पाहुण्यांना दिलेल्या बुकेत, नवरीच्या अंबाड्यात दिसणारं ते जांभळं-पांढरं, मेणासारखं फूल. आपण त्याला मोठ्या शहरातलं, एसीतलं, नाजूक फूल समजतो. सिंदफणेकाठच्या शिरूर कासारमध्ये ते कशाला जगेल, असंच कुणालाही वाटेल. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो आणि पाण्याचा हिशेब घागरीत होतो.

या फुलाची, म्हणजे ऑर्किडची, खरी गोष्ट मात्र उलटी आहे. घरातलं ऑर्किड क्वचितच तहानेने मरतं. ते मरतं जास्त पाण्याने. कमी पाण्यात दिवस काढायची विद्या त्याच्या मुळापासून पानापर्यंत भरलेली आहे, आणि ती विद्या शिरूरच्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही. म्हणून ऑर्किडच्या गोष्टींचा हा चटपटीत खजिना, आणि शेवटी आपल्या ओसरीसाठी नेमका हिशेब.

बांडगूळ म्हणू नका

झाडाच्या फांदीवर ऑर्किड दिसलं की गावाकडे पहिला शब्द निघतो, ‘बांडगूळ’. हा त्याच्यावर अन्याय आहे. आंब्यावरचं बांडगूळ फांदीत मुळं खुपसून झाडाचा रस ओढतं. ऑर्किड झाडाकडे फक्त बसायला जागा मागतं, जेवण मागत नाही. पाऊस, दव, सालीच्या फटीत साचलेला पालापाचोळा एवढ्यावर त्याचं भागतं. जगातल्या दहापैकी सुमारे सात ऑर्किड अशी झाडांवर राहतात. मराठीत त्यांना आमरी म्हणतात.

मुळाला चांदीचा कोट

ऑर्किडच्या कुंडीतून बाहेर लोंबणारं मूळ जवळून बघा. सुकं असताना ते चांदीसारखं पांढुरकं दिसतं. त्यावर चमचाभर पाणी ओता आणि नजर हलवू नका. पाणी जिथून ओघळेल तिथून मूळ हिरवं होत जातं, टिपकागदावर शाई पसरावी तसं. मुळाभोवती मेलेल्या पेशींचा स्पंजासारखा थर असतो. तो काही क्षणांत पाणी शोषून घेतो आणि सावकाश आत पोचवतो. थर ओला झाला की पारदर्शक होतो, म्हणून आतला हिरवा रंग दिसतो. हा हिरवा रंग शोभेचा नाही. मूळसुद्धा पानासारखं उन्हातून अन्न तयार करतं. म्हणूनच अनेक बागवान ऑर्किड पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत लावतात.

श्वास रात्री घेतं

बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात, हवा आत घेतात आणि त्यासोबत पाणीही गमावतात. घरात लावलं जाणारं फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड दिवसा छिद्रं मिटून बसतं. रात्री गारवा आला की ती उघडतं, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचं अन्न करतं. हीच युक्ती माळावरचा निवडुंग करतो, अननसही करतो. म्हणजे शोभेच्या टेबलावरचं हे फूल आणि डोंगराच्या उतारावरचा काटेरी निवडुंग एकाच शाळेत शिकलेले आहेत.

एका बोंडात लाखोंचं बी

कापसाचं बोंड आपल्याला नवीन नाही. ऑर्किडचंही बोंड असतं, पण त्यात बी असतं ते भुकटीसारखं. काही जातींच्या एका बोंडात लाखो बिया भरतात. वाऱ्यावर उडताना त्या धुळीसारख्या दिसतात. एवढ्या हलक्या का? कारण आईने शिदोरीच बांधून दिलेली नसते. ज्वारीच्या दाण्यात कोंभासाठी पीठ असतं, ऑर्किडच्या बीत तसं काही नसतं. जमिनीतली किंवा सालीवरची ठरावीक बुरशी भेटली, तिने अन्न पुरवलं, तरच कोंब फुटतो. हे गुपित फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये उलगडलं.

साखरेवर वाढलेली रोपं

१९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी बुरशीला पर्याय शोधला. बाटलीत अगर-अगरची खळ, त्यात क्षार आणि साखर मिसळून त्यांनी त्यावर बी पेरलं. बी उगवलं! आज जगभरच्या प्रयोगशाळांत ऑर्किडची लाखो रोपं अशीच गोड खळीवर वाढतात. शिरूर तालुक्यातली किती तरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. ती ज्या साखरेसाठी राबतात, तीच साखर या बाटलीतल्या इवल्याशा कोंबाचं पहिलं दूध असते.

रुईशी मिळतीजुळती खूण

झेंडूच्या किंवा जास्वंदीच्या फुलाला हात लावला तर बोटाला पिवळी पूड लागते. ऑर्किडची पूड अशी सुटी नसते. सगळे पराग एका छोट्या गोळीत बांधलेले असतात आणि गोळीला चिकट देठ असतो. मधमाशी आत शिरली की ती गोळी तिच्या पाठीवर किंवा डोक्यावर चिकटते. दुसऱ्या फुलात गेली की तिथे सुटते. परागांची अशी पोटली बांधणारी दुसरी ठळक वनस्पती कोणती? आपल्या बांधावरची, मारुतीला वाहिली जाणारी रुई. पुढच्या वेळी रुईचं फूल हातात आलं की बारीक काडीने त्याच्या मधल्या खांबाच्या खाचा उकरून पाहा, पिवळ्या पोटल्यांची जोडी बाहेर येईल.

ही पद्धत किती जुनी? पाठीवर ऑर्किडची परागगोळी घेतलेली एक मधमाशी राळेत अडकून दगड झाली होती. ती डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडली आणि २००७ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध छापून आला. तिचं वय किमान दीड कोटी वर्षं.

फूल कलंडतं, मग उमलतं

ऑर्किडच्या कळीवर लक्ष ठेवलं तर दिसतं की उमलण्याआधी बहुतेक फुलं देठावर १८० अंशांत पिळली जातात. तीन पाकळ्यांपैकी एक वेगळी, मोठी, रंगीत असते. तिला ओठ म्हणतात. पीळ पडल्यामुळे ओठ खाली येतो आणि माशीला उतरायला अंगण मिळतं. काही जाती या अंगणात चक्क थाप मारतात. युरोपातल्या एका ऑर्किडचा ओठ मादी माशीसारखा दिसतो, वासही तसाच. नर येतो, फसतो आणि परागगोळी घेऊन जातो. ऑर्किडांच्या सुमारे एक तृतीयांश जाती पाहुण्याला मधाचा थेंबही देत नाहीत.

डार्विनचा अंदाज

मादागास्करच्या एका पांढऱ्या ऑर्किडला जवळपास एक फूट लांब नळी असते आणि मध असतो अगदी तळाशी. चार्ल्स डार्विन यांनी १८६२ मध्ये लिहिलं की तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. तसा पतंग १९०३ मध्ये नोंदला गेला. तोवर डार्विन यांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. फूल नीट पाहिलं की न पाहिलेला किडाही दिसतो, याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

आइस्क्रीममधलं ऑर्किड

व्हॅनिला ही ऑर्किडची शेंग आहे. मूळची मेक्सिकोची ही वेल दुसऱ्या देशांत नेली तेव्हा फुलायची, पण शेंग धरेना, कारण तिथे तिचा कीटक नव्हता. १८४१ मध्ये रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियुस या अवघ्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा वापरून हाताने परागीकरण करून दाखवलं. आजही जगभर व्हॅनिलाची शेती त्याच पद्धतीने चालते. त्या मुलाच्या बोटांनी एक अख्खं पीक उभं केलं.

जमिनीखाली फुलणारं

१९२८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकऱ्याला आपल्या जमिनीखाली गोड वासाचं फूल सापडलं. ते ऑर्किड निघालं. पान नाही, हिरवा रंग नाही, आयुष्य सगळं मातीखाली. ऑर्किडच्या साधारण २८ हजार जाती आहेत, त्यात असं सुद्धा बसतं.

आपली, मराठी मुलखातली

महाराष्ट्रात शंभराहून जास्त जातींची ऑर्किडं रानात वाढतात. सह्याद्रीत मे-जूनमध्ये जुन्या झाडांवरून लोंबणारा गुलाबी-पांढऱ्या फुलांचा घोस म्हणजे सीतेची वेणी. एका घोसात शंभरावर फुलं असतात. आसामात हेच फूल कोपौ म्हणून बिहूच्या नाचात केसांत माळतात, आणि ते आसामचं राज्यफूल आहे. पावसाळ्यात डोंगरउतारावर तळहाताएवढं पांढरं फूल उमलतं, तो वाघचौरा. त्याचा वास संध्याकाळी पसरतो, कारण त्याचे पाहुणे पतंग आहेत. कास पठारावरही अनेक जाती आहेत, आणि कास हे २०१२ पासून जागतिक वारशात आहे. एका जातीच्या शास्त्रीय नावात पाचगणी कायमची कोरलेली आहे. ते नाव दिलं फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी. मुंबई इलाख्याच्या ऑर्किडांवरचा त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये निघाला.

आयुर्वेदाच्या अष्टवर्गातल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी या चार वनस्पती अभ्यासक आज ऑर्किडच मानतात. अशा मागणीमुळे रानातलं ऑर्किड उपटणं हा त्याचा एक मोठा शत्रू ठरला. निळा वांडा, लाल वांडा आणि लेडीज स्लिपर या ऑर्किडांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. घरासाठी रोप नेहमी रोपवाटिकेतून, टिश्यू कल्चरचंच घ्यावं.

निळं दिसलं तर थांबा

दुकानात गडद निळं फॅलेनॉप्सिस दिसलं तर ते बहुधा पांढऱ्या फुलाच्या देठात रंग भरून केलेलं असतं. पुढचा बहर पांढरा येतो.

आता शिरूरचा हिशेब

*कोणतं घ्यावं?* सुरुवातीला डेंड्रोबियम. लग्नाच्या स्टेजवरची जांभळी फुलं याचीच. याला उजेड आणि ऊब दोन्ही चालतात, आणि त्याच्या उसासारख्या कांड्यांत पाणी साठलेलं असतं. दुसरं फॅलेनॉप्सिस, घरात ठेवायचं.

*माती नको.* हो, काळी माती तर मुळीच नको. विटांचे तुकडे, लाकडी कोळसा, नारळाच्या सालीचे तुकडे. पाणी ओतलं की खालून लगेच निथळलं पाहिजे. माझं पहिलं रोप मी मातीत लावलं आणि रोज संध्याकाळी पाणी घातलं. पंधरा दिवसांत मुळं दाबली की पिचू लागली, आतून तपकिरी पाणी आलं. तेव्हा कळलं की ऑर्किडच्या मुळाला पाण्याइतकीच हवा लागते.

*पाणी कोणतं?* पावसाचं सर्वांत चांगलं. पहिले दोन पाऊस पत्रे धुऊन जाऊ द्या, मग टिपाड भरून झाकून ठेवा. ते संपलं की फिल्टरच्या जारचं पाणी. बोअरच्या पाण्यातले क्षार मुळांवर साचतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर कधीच घालू नका, त्यात क्षार आणखी दाटतात.

*केव्हा?* तारीख बघू नका, मूळ बघा. चांदीसारखं दिसलं की पाणी, हिरवं असेल तर थांबा. थंडीत आठवड्यातून एकदा पुरतं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, तेही सकाळी. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका, शेंडा सडतो.

*ऊन?* सकाळचं कोवळं चालतं. दुपारी शेडनेट किंवा लिंबाची सावली. मार्चनंतर फॅलेनॉप्सिस आतल्या खोलीत हलवा. कूलरची ओलसर हवा त्याला आवडते, पण झोत थेट अंगावर नको. परातीत खडे आणि थोडं पाणी घालून त्यावर कुंडी ठेवली की भोवती ओलावा राहतो. कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नका.

*खत?* कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ पुरतं. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही रोप वाढत असतानाच. पिकाचं माप इथे चालत नाही.

*फूल येत नाही?* बहुतेक वेळा उजेड कमी पडतो. फॅलेनॉप्सिसला शिवाय काही आठवडे गार रात्री हव्या असतात. ते काम शिरूरची थंडी फुकट करते. कार्तिकात कुंडी खिडकीजवळ ठेवली की पानाच्या बगलेतून हिरवा दांडा डोकं काढतो.

*पिल्लू दिसलं?* डेंड्रोबियमच्या जुन्या कांडीवर छोटं रोप फुटतं, केळीच्या पिलासारखं. त्याला बोटभर मुळं आली की कापून वेगळं लावा. जुन्या, पानं गळालेल्या कांड्या कापू नका, त्याच नव्या फुटव्याला पोसतात.

कार्तिकात निघालेला तो दांडा माघात कळ्या धरतो आणि फुलं साधारण अडीच-तीन महिने टिकतात. हा हिशेब मला फार जवळचा वाटतो. आमच्याकडे ऊसतोडीला गेलेली माणसं पाच-सहा महिने घरी नसतात. मागे राहते ती आजी आणि शाळेतली नातवंडं. आठवड्यातून एकदा मूळ बघून तांब्याभर पाणी घालणं आजीला सहज जमतं. गुढीपाडव्याच्या आगेमागे ट्रॅक्टर गावात शिरतो, माणसं उतरतात, ओसरीत येतात, आणि ती नसताना उमललेलं फूल अजून तसंच ताजं असतं.