खरजेचा बंदोबस्त

मुलांनो, खाज कोणाला सुटत नाही? डास चावला की खाज सुटते. घाम आला की खाज सुटते. अशी खाज थोड्या वेळाने थांबते. पण बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेला आणि बेंबीभोवती बारीक पुरळ उठले, रात्री अंथरुणात खाज वाढली आणि घरातील इतरांनाही खाज सुटू लागली, तर ती खरूज असू शकते. खाजेला उर्दूत खारिश म्हणतात. पण प्रत्येक खारिश म्हणजे खरूज नव्हे.

खरूज एका बारीक किड्यामुळे होते. त्याला गोचिडीसारखे आठ पाय असतात. तो अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. मादी कातडीच्या वरच्या थरात बारीक भुयार खणते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत त्यांतून पिल्ले बाहेर येतात. 1687 साली इटलीतील बोनोमो आणि चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकातून हा किडा पाहिला व त्याचे वर्णन केले. तरी आजही काही लोक “रक्त खराब झाले” असे म्हणून गप्प बसतात.

हा किडा उडत नाही आणि उडीही मारत नाही. एकाचे अंग दुसऱ्याच्या अंगाला बराच वेळ लागून राहिले, तर तो हळूहळू चालत जातो. म्हणूनच एका अंथरुणात झोपणाऱ्या भावंडांना खरूज लवकर होते. घरात जागा कमी आणि माणसे जास्त असली, की तिला पसरायला सोपे जाते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. पहिल्यांदा खरूज होते, तेव्हा किडा अंगात शिरल्यावर लगेच खाज सुटत नाही. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समजा, मालेगावातील एका घरात अम्मी, अब्बा, दादी आणि चार मुले राहतात. धाकट्या सलीमला खरूज झाली. अम्मीने फक्त सलीमला मलम लावले. तो बरा झाला. पण त्याच्या शेजारी झोपणाऱ्या आपाच्या अंगात किडे होतेच. तिला खाज नव्हती, म्हणून कोणाला कळले नाही. महिनाभराने सलीम पुन्हा खाजवू लागला! औषध वाईट नव्हते. ते एकालाच लावले, ही चूक झाली.

म्हणून घरातील सर्वांनी एकाच दिवशी उपचार घ्यावेत, खाज असो वा नसो. आधी डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा परमेथ्रिनचे मलम देतात. रात्री ते मानेपासून पायाच्या तळव्यांपर्यंत सगळीकडे लावा. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा आणि बेंबी विसरू नका. मध्येच हात धुतले, तर हातांना पुन्हा लावा. सकाळी आंघोळ करा. साधारण आठवड्याने, डॉक्टर सांगतील त्या दिवशी, पुन्हा तसेच करा. तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी डॉक्टरांना वेगळे विचारा. दुकानातून मनानेच मलम आणू नका. काही मलमांनी खाज कमी होते, पण किडे मरत नाहीत.

त्याच सकाळी गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी व टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. जे धुता येत नाही, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि आठवडाभर तसेच ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो.

किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे थोडी खाज राहू शकते. घाबरून रोज मलम चोळू नका. नखे कापून ठेवा. खाजवून जखम झाली, की तिच्यात जंतू शिरतात आणि पू होतो. असे काही जंतू पुढे मूत्रपिंडालाही इजा करू शकतात. पू दिसला किंवा ताप आला, तर लगेच दवाखान्यात जा.

खरूज म्हणजे घाणेरडेपणा असे समजू नका. रोज आंघोळ करणाऱ्यालाही ती होते. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित रोगांच्या यादीत तिचा समावेश केला. तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे एक मोठे कारण म्हणजे लाज. लाजेने माणूस रोग लपवतो आणि लपवलेला रोग घरभर पसरतो.

तुमच्या वर्गात कोणाला खरूज झाली, तर त्याला हसू नका. पहिल्यांदा मलम लावून धुतल्यावर दुसऱ्या दिवशी तो शाळेत येऊ शकतो. त्याला एवढेच विचारा, “घरात सगळ्यांनी औषध लावले ना?”