पुन्हा सुरू, पण कुठून?

रावेर-यावल भागात विहिरीवरच्या मोटारीला अनेक शेतकरी 'ऑटो स्विच' लावतात. वीज गेली की मोटार थांबते आणि आली की आपोआप सुरू होते. सोय मोठी आहे. पण मोटारीला एवढेच कळते, की वीज आली. केळीच्या कोणत्या भागाला पाणी देऊन झाले, हे तिला ठाऊक नसते. शिवाय परिसरातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर रोहित्रावर एकदम भार येतो. म्हणूनच ऑटो स्विच काढण्याचे आवाहन महावितरण करत आले आहे.

संगणकांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. समजा, धुळ्याच्या एखाद्या महाविद्यालयात चाळीस संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची आहे. प्रत्येकापुढे बसून हे करायला दिवस लागतात. म्हणून 'पीएक्सई' ही पद्धत वापरतात. तिच्या मानकाची २.१ ही आवृत्ती इंटेलने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. संगणक सुरू होताच सर्व्हरकडून पहिली फाइल मागून घेतो. मग आज्ञावली ओळीने चार कामे करते: हार्ड डिस्क पुसून तिचे भाग पाडणे, फाइली उतरवणे, संगणकाला नाव देणे आणि 'यापुढे डिस्कवरूनच सुरू हो' असे ठरवून देणे. हे शेवटचे काम राहून गेले, तर संगणक पुन्हा सर्व्हरकडेच जातो आणि सारे पहिल्यापासून होत राहते.

आता दुसऱ्या कामाच्या मध्येच वीज गेली, तर काय करावे?

पहिली गोष्ट, नोंद. प्रत्येक काम पुरे झाल्यावरच त्याची खूण करायची, आधी नाही. ही खूण पुसल्या जाणाऱ्या डिस्कवर न ठेवता सर्व्हरवर ठेवायची.

दुसरी गोष्ट, काम पुन्हा केले तरी बिघडू नये. काम झाले आणि खूण करण्याआधी वीज गेली, तर तेच काम दुसऱ्यांदा होणारच. हजेरीपटावर मुलापुढे 'उपस्थित' पुन्हा लिहिले, तरी मूल एकच राहते. पण बेरजेत एक पुन्हा मिळवला, तर पट चुकतो. म्हणून 'ओळ जोडा' असे न सांगता 'ओळ नसेल तरच जोडा' असे सांगावे. डिस्क पुसण्याला मात्र हा नियम पुरत नाही. विद्यार्थ्यांची कामे दुसरीकडे उतरवली आहेत, याची खातरजमा झाल्याशिवाय ती पायरी चालूच होऊ नये. पुसलेले परत येत नाही.

तिसरी गोष्ट, चुकांची जात ओळखणे. सर्व्हरने उत्तर दिले नाही, तर ती तात्पुरती अडचण असू शकते. पाच सेकंद थांबावे, मग दहा, मग वीस. त्यात प्रत्येक संगणकाने थोडा वेगवेगळा वेळ मिळवावा, म्हणजे चाळीसही जण सर्व्हरवर एकदम तुटून पडणार नाहीत. पण डिस्कच खराब असेल, तर शंभर प्रयत्नांनीही उपयोग नाही. अशा वेळी थांबून कोणत्या पायरीवर, कशामुळे थांबलो, हे पडद्यावर लिहावे. तात्पुरत्या अडचणीतही प्रयत्नांना मर्यादा हवीच.

वर्गात हा प्रयोग संगणकाशिवायही करता येईल. चार कामांच्या चार चिठ्ठ्या ओळीने मांडा. 'वीज गेली' अशी पाचवी चिठ्ठी कोठेही ठेवा आणि विचारा: वीज आल्यावर कुठून सुरू करायचे, आणि ते कशावरून ठरवले? प्रत्येक जागेसाठी मुलांना उत्तर देता आले, तर योजना पक्की समजावी.