बाळाचं हृदय (लेखांक ७) : ऑपरेशन झालं, आता शाळा

मागच्या लेखात ऑपरेशननंतरचे पहिले सहा महिने पाहिले. जखम भरते, वजन वाढतं, इको चांगला येतो आणि घरचे म्हणतात, ‘सुटलो एकदाचे.’ पुढची वर्षं मात्र कुणी विचारत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशभरातला आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. अंगणवाड्यांत आणि सरकारी, अनुदानित शाळांत जाऊन पथकं मुलं तपासतात. ‘हृदयाला भोक’ असलेली कितीतरी मुलं अशीच वेळेवर सापडतात. या कार्यक्रमात जन्मजात दोषांइतकंच विकासातल्या विलंबालाही स्थान आहे, आणि वयोमर्यादा १८ वर्षं आहे. पण हृदय दुरुस्त झालं की आपल्या लेखी प्रकरण मिटतं. हे बदलायला हवं.

कारण मेंदू. गंभीर हृदयदोषात गर्भातच मेंदूला प्राणवायू कमी पोहोचतो. त्यात हार्ट-लंग मशीन आणि आयसीयूतला मुक्काम. बोस्टनमध्ये १९८८ ते १९९२ या काळात तान्हेपणी ज्यांच्या उलट जोडलेल्या रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया झाली, त्या मुलांचा सोळाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा झाला. बहुतेकांची बुद्धी सर्वसाधारण होती. तरीही सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी अभ्यासात किंवा वागणुकीसाठी खास मदत घ्यावी लागली होती.

हे घरात कसं दिसतं? चौथीतल्या मुलाला सतराचा पाढा तोंडपाठ असतो, पण फळ्यावरचं गणित वहीत उतरवताना एकं-दहंच्या रांगा सरकतात. तीन सूचना एकदम दिल्या तर तिसरी हरवते. बाई ‘लक्ष नाही’ असा शेरा मारतात, बाबा ओरडतात. हा आळस नव्हे. छोट्या छोट्या पायऱ्यांत काम दिलं, चौकटीची वही दिली, थोडा जास्त वेळ दिला, तर असं मूल पुष्कळ पुढे जातं.

दुसरी गोष्ट भीतीची, आणि ती बहुधा मुलाची नसून घराची असते. मूल मृत्यूच्या दारातून परत आलं की आईवडील त्याला कायमचं नाजूक मानू लागतात, हे ग्रीन आणि सॉल्निट या अमेरिकन डॉक्टरांनी १९६४ सालीच लिहून ठेवलं. डोंबिवलीच्या कुठल्याही शाळेत पीटीच्या तासाला पायरीवर बसून इतरांच्या चपला राखणारं असं एखादं मूल भेटेल. अनेकदा डॉक्टरांनी खेळायला मनाई केलेलीच नसते! आजाराच्या तीव्रतेपेक्षा घरातली काळजी मुलाच्या वागण्यावर जास्त परिणाम करते, असंही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून आईचं मनही तपासणीचा भाग असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था आयपीएच आहे. फोनवर बोलायचं तर सरकारी टेलिमानसचा १४४१६ क्रमांक आहे.

छातीवरच्या खुणेबद्दल शाळेत कुणीतरी विचारणारच. त्याआधी घरीच मुलाला त्याची गोष्ट खरी, सोप्या शब्दांत सांगा. लपवलेल्या गोष्टीची लाज वाटू लागते.

पुढच्या तपासणीला जाताना फाइलीबरोबर शाळेच्या दोन वह्याही न्या. खेळाबद्दल डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठी घ्या आणि ती पीटीच्या सरांच्या हातात द्या.