एकच वारा, दोन होड्या

मुंबई बंदरात शिडाच्या होड्यांच्या शर्यती असल्या की किनाऱ्यावर एक वाद हमखास रंगतो: जास्त कोण पळतं, स्किफ की कॅटमरान? फेब्रुवारी-मार्चमध्ये या बंदरात एकाच दिवसात हलका, मध्यम आणि जोराचा असे तिन्ही वारे मिळतात, त्यामुळे या वादाचा निकाल लावायला याहून चांगली जागा शोधावी लागत नाही. अशाच एका दिवशी ट्वेंटीनायनर ही स्किफ आणि होबी 16 ही कॅटमरान एकाच मार्गावर, बरोबरीने सोडल्या. मी दोन्हींवर आळीपाळीने बसलो आणि बाकीचा वेळ बचाव बोटीतून त्यांच्याकडे पाहत राहिलो.

ट्वेंटीनायनर 4.45 मीटर लांब, एका हलची, म्हणजे एकाच सांगाड्याची होडी. तिची आखणी ऑस्ट्रेलियाच्या ज्युलियन बेथवेट यांची. 2000च्या सिडनी ऑलिम्पिकपासून खेळली जाणारी फोर्टीनायनर ही तिची मोठी बहीण. तळ चपटा, हलचं वजन जेमतेम पाऊणशे किलो आणि वाऱ्याबरोबर जाताना पुढे उघडणारं जेनेकर नावाचं फुगीर शीड. होबी 16 ही कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी आल्टर यांची. लांबी 5.04 मीटर, रुंदी 2.41 मीटर, वजन सुमारे 145 किलो. दोन अरुंद हल, त्यांच्यामध्ये ताणलेलं कापडी ट्रॅम्पोलिन. थेट वाळूवर चढवता यावी म्हणून तिला पाण्यात उतरणारं सेंटरबोर्ड दिलेलंच नाही. हलची बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर ठेवली आहे, आणि आडवं घसरणं रोखायचं काम त्या आकारावरच सोडलं आहे.

सकाळी घारापुरीच्या बाजूने मतलई वारा होता, चार-पाच नॉटचा. एवढ्या वाऱ्यात खरा अडथळा पाण्याच्या घर्षणाचा असतो. होडीचा जितका पृष्ठभाग पाण्याला चिकटलेला, तितकी ओढ जास्त. कॅटमरानला दोन हल ओढावे लागतात आणि त्यातला एक उचलण्याइतकी ताकद शिडात नसते. स्किफवरचे दोघं पुढे सरकून, वारा जातो त्या बाजूला बसले. होडी किंचित कलली, मागचा सपाट भाग पाण्याबाहेर आला आणि ती हलकेच सुटली. कॅटमरानवरही माणसं पुढे सरकली, पण फरक फारसा पडला नाही.

वाऱ्याच्या विरुद्ध नागमोडी चढताना प्रत्येक टॅकला, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून घेतलेल्या वळणाला, हा फरक वाढत गेला. स्किफ सेंटरबोर्डाभोवती गर्रकन वळते. होबीचे दोन लांब हल वळवताना तिचा सगळा वेग संपतो आणि ती नाक वाऱ्यात खुपसून उभी राहते. मग जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, उलट्या बाजूला धरून ठेवायचं, होडी मागे सरकू लागली की सुकाणू उलटं फिरवायचं आणि तिला कशीबशी दुसऱ्या बाजूला आणायचं. या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. पाण्याला एवढी ओढ असताना थांबलेली होडी नुसती थांबत नाही, मागे वाहून जाते. सकाळची फेरी स्किफने आरामात जिंकली.

दुपारी खारा वारा भरला. तो पश्चिम-वायव्येकडून, म्हणजे कुलाब्याच्या इमारतींवरून येतो. त्यामुळे किनाऱ्यालगत झोत आणि पोकळ्या, आणि पूर्वेला मोकळ्या पाण्यात सरकलं की स्थिर दहा-बारा नॉट. इथे होबीचा वाऱ्याकडचा हल अलगद पाण्याबाहेर आला आणि होडीचा स्वभावच बदलला. घर्षण बरंच कमी झालं आणि खाली उरला एकच लांब, सडपातळ हल. रुंद होडी वेग वाढला की स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढणीवर अडकते. सडपातळ हल एवढी लहान लाट उठवतो की त्याला ती चढण लागतच नाही. स्किफ ही चढण निराळ्या रीतीने ओलांडते. पुरेसा जोर मिळाला की तळ्यावर भिरकावलेल्या चपट्या खापरीसारखी ती पाण्याच्या वर येऊन पळते. मात्र तो जोर मिळेपर्यंत तिला थांबावं लागतं, होबीला थांबावं लागत नाही.

वारा बाजूने घेऊन जाताना होबी सरळ पुढे निघून गेली. त्याचं कारण हिशेबात सापडतं. शीड होडीला उलथवू पाहतं आणि माणसांचं वजन तिला तोलून धरतं. होबीवर दोघंही ट्रॅपीझच्या तारेला लटकतात आणि वाऱ्याआडच्या हलपासून तीन मीटरहून अधिक लांब असतात. शिवाय हवेत उचललेल्या हलचं वजनही त्यांच्याच बाजूने तोलतं. ट्वेंटीनायनरवर ट्रॅपीझ एकालाच, आणि तोही मध्यरेषेपासून दोन मीटरच्या आतच. माणशी 65 किलो धरले तर होबीची तोलण्याची ताकद ढोबळमानाने तिप्पट भरते. तेवढ्या शिडाची ताकद ती वाया न घालवता वेगात बदलू शकते.

तरीही दुपारची फेरी एकतर्फी झाली नाही. वाऱ्याच्या तोंडावर चढताना होबी पाण्यातून वेगाने जात होती, पण स्किफ वाऱ्याच्या जास्त जवळून, छोट्या रस्त्याने जात होती. परतीला स्किफने जेनेकर उघडलं. आमच्या होबीला ते शीड नव्हतं. स्किफ जसजशी वेग घेत गेली तसतसा तिच्या शिडांवरचा वारा पुढून आणि जोराने येऊ लागला. थेट वाऱ्यामागे न जाता तिरकी नागमोडी वाट धरत तिने गेलेलं अंतर भरून काढलं.

चारच्या सुमारास वारा अठरा नॉटच्या पुढे गेला. आता प्रश्न वेगाइतकाच होडी उभी ठेवण्याचा होता. स्किफ आडवी होते ती क्षणात. सुकाणूवरचा हात आणि शिडाचा दोर एका श्वासात चालले नाहीत की संपलं. सेंटरबोर्डवर उभं राहिलं की ती तितक्याच झटपट सरळही होते. होबी बराच वेळ निर्धास्त पळते, पण वाऱ्याआडच्या हलचं नाक लाटेत घुसलं की ती पुढच्या बाजूने कोलांटी घेते आणि ट्रॅपीझवरची माणसं पुढे फेकली जातात. म्हणून अशा वाऱ्यात दोघांनीही होडीच्या मागच्या टोकाला जायचं असतं. उलटलेली होबी सरळ करायला दोघांचं वजन एकत्र लागतं आणि नाक वाऱ्याकडे वळवून घ्यावं लागतं. ती फेरी होबीची झाली, पण जागरूक हातांनी.

तेव्हा निकाल असा. हलका वारा, अरुंद पाणी आणि वारंवार वळणं असतील तर स्किफ. मोकळं पाणी, बाजूचा वारा आणि एक हल उचलण्याइतका जोर असेल तर कॅटमरान. मधल्या वाऱ्यात मार्ग कसा आखला आहे त्यावर सगळं ठरतं. होडी विकत घेणाऱ्याने म्हणून आधी आपल्या पाण्यावर कोणत्या महिन्यात, किती वाजता, किती वारा असतो ते पाहावं.

शर्यती घेणाऱ्यांना मात्र माझी एक विनंती आहे. मिश्र होड्यांच्या शर्यतीत प्रत्येक जातीच्या होडीला एक आकडा देऊन वेळेचा हिशेब बरोबर केला जातो. तो आकडा एकच ठेवला, तर सकाळी स्किफला आणि दुपारी कॅटमरानला आयतं झुकतं माप मिळतं. अमेरिकेतल्या पोर्ट्समथ पद्धतीत वाऱ्याच्या टप्प्यांनुसार वेगळे आकडे दिलेले आहेत. आपल्याकडेही प्रत्येक शर्यतीबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशा वहीत लिहून ठेवा. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी हाती आल्या की आपल्या बंदराचे आकडे आपल्यालाच काढता येतील. त्यासाठी हातात धरायचं एक वाऱ्याचं मीटर आणि लिहायला बसणारा एक माणूस पुरेसा आहे.