एका स्लाइडवर रायगड

इयत्ता चौथीच्या मुलांना रायगडाचे दर्शन एकाच दृष्टिक्षेपात घडावे, या हेतूने महादरवाजा, टकमक टोक, गंगासागर आणि जगदीश्वराचे मंदिर यांची छायाचित्रे पॉवरपॉइंटच्या रिकाम्या स्लाइडवर मांडून बसलो, तेव्हा ज्याला आपण केवळ भाषणाचे साधन समजतो त्यात चित्रसंयोजनाची केवढी तजवीज आहे, याचा प्रत्यय आला. २०१० च्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेली ‘रिमूव्ह बॅकग्राउंड’ ही सोय बुरुजामागचे आकाश अलगद दूर करते; तटावर उगवलेले गवत मात्र तिच्या हिशेबातून हमखास निसटते, आणि ते चित्र ४०० टक्के मोठे करून, ‘मार्क एरियाज टू कीप’च्या पेन्सिलीने, पातीपातीने राखावे लागते. ‘सॉफ्ट एजेस’ने कडा मवाळ केल्या की जोड बेमालूम होतो. मग सर्व तुकडे ‘ग्रुप’ करून पीएनजी स्वरूपात जतन करावेत. पारदर्शकता कायम राहते.