कक्षीय वेग : विकलांपासून सेंटिमीटरपर्यंत

प्रस्तावना :

ग्रहाचा कक्षीय वेग किलोमीटर प्रतिसेकंदात दिला असता तो सेंटिमीटर प्रतिसेकंदात मांडण्यासाठी विद्यार्थी एक लाखाने गुणतो आणि मोकळा होतो. रीत अचूक आहे. मात्र आलेल्या उत्तरातील किती अंकांना अर्थ आहे, हे त्याला क्वचितच विचारले जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पंचांगातील परिचित सूर्यगतीच्या आधारे केला आहे.

कोनीय गतीकडून रेषीय वेगाकडे :

पंचांगात ग्रहांची गती कला-विकलांत, म्हणजे कोनीय मापात दिलेली असते. कोन व अंतर यांवरून लांबी काढण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (शके १०७२, इ. स. ११५०) सर्व ग्रहांची योजनात्मक दैनिक गती समान, सुमारे ११,८५९ योजने, मानली आहे, ग्रह शीघ्र वा मंद दिसतो तो अंतरामुळे, अशी ती उपपत्ती होती. केप्लरच्या तिसऱ्या नियमानंतर (१६१९) ती टिकत नाही. वेग हा सूर्यापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून बुध सेकंदाला सुमारे ४७.४ कि.मी., तर नेपच्यून अवघा ५.४ कि.मी. जातो. गृहीतक चुकले तरी प्रश्नाची मांडणी योग्य होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आता सूर्याची मध्यम दैनिक गती ५९ कला ८ विकला घेऊ. ही वस्तुतः पृथ्वीचीच गती होय. एकूण विकला ३,५४८. एका रेडियनमध्ये सुमारे २,०६,२६५ विकला असतात; म्हणून दैनिक कोन ०.०१७२०१२ रेडियन. त्यास पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर १४,९५,९७,८७१ कि.मी. याने गुणून ८६,४०० सेकंदांनी भागले असता वेग २९.७८३१२ कि.मी. प्रतिसेकंद, अर्थात २९,७८,३१२ सें.मी. प्रतिसेकंद मिळतो.

गणकयंत्राने दिलेले हे सातही अंक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि आपणही त्यास पूर्ण गुण देतो. वास्तविक मूळ गतीत केवळ एका विकलेचा फरक पडला तर वेग ३,५४८ व्या भागाने, म्हणजे सुमारे ८३९ सें.मी. प्रतिसेकंद, बदलतो. विकला पूर्णांकात घेतल्यामुळेच चारशे सेंटिमीटरपर्यंतची अनिश्चितता उत्तरात आधीच शिरलेली आहे. तेव्हा शेवटचे ३१२ हे ज्ञान नसून भागाकाराचा अवशेष आहे. उत्तर २.९७८ × १०⁶ सें.मी. प्रतिसेकंद असे लिहावे. शिवाय हा वेग सरासरी आहे. जानेवारीच्या आरंभी उपसूर्य स्थितीत तो ३०.२९, तर जुलैच्या आरंभी अपसूर्य स्थितीत २९.२९ कि.मी. प्रतिसेकंद असतो. वर्षभरातील हा फरक सेंटिमीटरमध्ये एक लाखाचा आहे!

एकक लहान केल्याने मापन सूक्ष्म होत नाही. (ज्यांना लहान संख्याच हवी, त्यांनी काळाचे एककही लहान करावे : २९.७८ कि.मी. प्रतिसेकंद म्हणजे २९.७८ मि.मी. प्रतिमायक्रोसेकंद. आकडा तोच राहतो.)

सेंटिमीटर जेथे खरोखर लागतो :

सूर्यही स्थिर नाही. सूर्य व पृथ्वी त्यांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात आणि त्यांचे वेग वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात असतात. सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट; म्हणून पृथ्वीमुळे सूर्यास येणारा वेग २९,७८,००० ÷ ३,३३,००० = सुमारे ८.९४ सें.मी. प्रतिसेकंद. गुरूमुळे तो सुमारे साडेबारा मीटर असतो. मिशेल मेयर व डिडिए क्वेलोझ यांनी १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला (नोबेल पारितोषिक, २०१९), तो अशाच डोलण्यावरून. तेथे वेग सुमारे ५६ मीटर प्रतिसेकंद होता. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह शोधायचा तर नऊ सेंटिमीटर प्रतिसेकंद मोजावे लागतील. येथे सेंटिमीटर हे परीक्षेपुरते एकक राहत नाही.

असे निरीक्षण करणारा स्वतःच गतिमान असतो. भूम तालुक्यातील ईट येथे, सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, पृथ्वीच्या स्वांगपरिभ्रमणामुळे निरीक्षक सेकंदाला सुमारे ४४,००० सें.मी. वेगाने पूर्वेकडे नेला जातो. कक्षीय वेग याच्या सुमारे ६७ पट. ताऱ्याचे नऊ सेंटिमीटर हाती येण्यापूर्वी या दोन्ही गतींचा ताऱ्याच्या दिशेचा घटक, निरीक्षणाच्या त्या क्षणापुरता, सेंटिमीटरच्या आतल्या अचूकतेने वजा करावा लागतो. आणि त्यासाठी ५९ कला ८ विकला पुरत नाहीत.